तफसीर मुलखाची की मसलकाची? एका आयतीवरून ओळखायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुराण एकच, तरी कोकणातला, लखनौचा आणि जावा बेटावरचा मुसलमान एकाच आयतीचा (कुराणातल्या वचनाचा) अर्थ वेगवेगळा कसा सांगतो? तफसीर म्हणजे कुराणावरचं भाष्य; ‘प्रादेशिक तफसीर परंपरा’ म्हणतात ती हीच का? ती वाचून त्या समाजाची ओळख कळते का? आणि अरबी न येणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

परंपरा आहे, पण बहुतेक जण शोधतात तिथे ती नसते. एखादी तफसीर उघडली, लेखक अमुक गावचा आहे हे वाचलं आणि मग तिच्या प्रत्येक वेगळेपणाला त्या गावाची माती लावली, की पहिल्याच पायरीवर पाय घसरतो. माहीमचंच उदाहरण घेऊ.

मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे नवायत समाजातले, शाफई फिकहचे (फिकह म्हणजे इस्लामी कायदाशास्त्र; शाफई, हनफी, मालिकी या त्याच्या सुन्नी शाखा), सूफी तत्त्वज्ञ इब्ने अरबीच्या विचाराचा मोठा प्रभाव असलेले विद्वान. माहीमच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे. ‘तबसीरुर्रहमान’ ही त्यांची अरबी तफसीर, लोक तिला ‘तफसीरे रहमानी’ म्हणतात. तिची खासियत अशी की प्रत्येक सूरहच्या, म्हणजे कुराणातल्या अध्यायाच्या, सुरुवातीच्या बिस्मिल्लाहचा (‘रहमान आणि रहीम अल्लाहच्या नावाने’ या वाक्याचा) अर्थ त्या त्या सूरहच्या विषयाला धरून निराळा लावला आहे. शब्द तेच, पण ‘रहमान’ आणि ‘रहीम’ यांची छटा दर वेळी बदलते. हे पाहून कुणालाही वाटेल की ही कोकण किनाऱ्यावरच्या सूफी वातावरणाची देणगी. पण माहिमींच्या साडेतीनशे वर्षं आधी खुरासानात, निशापूरच्या कुशैरींनी (मृत्यू १०७२) आपल्या तफसिरीत नेमकं हेच केलेलं आहे. दोघांत सामाईक काय? दोघेही शाफई आणि दोघेही सूफी. शाफई मतात बिस्मिल्लाह ही सूरहचीच आयत धरतात. हनफी मतात ती दोन सूरहांमधली सीमा दाखवण्यासाठी उतरलेली स्वतंत्र आयत आहे, आणि मालिकी मतात ती सूरहची आयतच नाही. जो बिस्मिल्लाहला सूरहचा भाग मानतो, त्याला ती दर वेळी नव्याने उलगडावीशी वाटावी हे माझ्या मते ओघाने येतं. म्हणजे जे ‘माहीमचं’ वाटलं ते एका जुन्या शाफई-सूफी धाग्याचं निघालं. माहीमचं काय, तर हा धागा समुद्रमार्गे इथे पोचला होता आणि इथे बसून कुणीतरी तो अव्वल दर्जाच्या अरबीत पुढे नेला, हे.

म्हणून पहिला नियम वजाबाकीचा. स्थानिक तफसिरीतून आधी आयात माल वजा करायचा, आणि उरेल त्याला ‘प्रादेशिक’ म्हणायचं.

वजाबाकी करायची कशी? एक आयत घ्या, चार-पाच पुस्तकं घ्या आणि कागदावर तक्ता आखा. पहिल्या रकान्यात जलालैन. महल्ली (मृत्यू १४५९) आणि सुयूती (मृत्यू १५०५) यांची ही आटोपशीर तफसीर लखनौपासून आचेपर्यंत शिकवली गेली, त्यामुळे ती समान पाया म्हणून चालते. दुसऱ्या रकान्यात बैजावींची तफसीर. तिसऱ्यात, प्रदेश हनफी असेल तर नसफींची ‘मदारिक’. मग तुमची स्थानिक तफसीर, आणि शेवटी स्थानिक भाषेतला अनुवाद. अरबी येत नसेल तर जलालैनचा इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. इब्ने कसीरची तफसीर उर्दूत आणि हिंदीतही मिळते, त्यामुळे सगळे आधी तीच उचलतात, आणि इथेच घोटाळा होतो. आज घरोघरी दिसणारा इब्ने कसीर अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानी मदरशात पाठ्यपुस्तक नव्हता. लखनौच्या फिरंगी महल या विद्वान घराण्यातल्या मुल्ला निजामुद्दीन सिहालवींच्या (मृत्यू १७४८) नावाने ओळखल्या जाणाऱ्या दर्से निजामी या मदरशांच्या अभ्यासक्रमात तफसीर म्हणून जलालैन आणि बैजावीचा काही भाग, एवढंच होतं. तर्कशास्त्राची पुस्तकं त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा १७५० सालच्या भाष्यकाराला इब्ने कसीरशी ताडून ‘हा परंपरेपासून ढळला’ म्हणणं म्हणजे त्याच्या फडताळात नसलेल्या पुस्तकावरून त्याची परीक्षा घेणं.

सबंध तफसीर वाचायला बसू नका. शंभरातल्या नव्वद आयतींवर सगळे एकमेकांसारखंच लिहितात. ज्या आयतीवर भाष्यकाराला बाजू घ्यावीच लागते, तिथे तो सापडतो. अशा आठ-दहा आयती पुरतात. त्यांतल्या काही इथे जवळून पाहू.

माइदा या पाचव्या सूरहची सहावी आयत (५:६) वुजूची आहे. नमाजआधी तोंड आणि कोपरापर्यंत हात धुवा, डोक्याला मसह करा, म्हणजे ओला हात फिरवा, आणि घोट्यांपर्यंत पाय... आता पाय धुवायचे की त्यांवरही ओला हात फिरवायचा? सगळा प्रश्न एका स्वरचिन्हाचा आहे. ‘अर्जुलकुम’ वाचलं तर व्याकरणाने पाय ‘धुवा’शी जोडले जातात, ‘अर्जुलिकुम’ वाचलं तर ‘मसह करा’शी. दोन्ही पाठ मान्यताप्राप्त किराअतींत, म्हणजे पठणपरंपरांत, आहेत. नाफे, इब्ने आमिर, किसाई आणि आसिमचा शिष्य हफ्स यांचा पहिला. इब्ने कसीर (हे मक्केचे कारी, म्हणजे कुराणपाठक, तफसीरवाले नव्हेत), अबू अम्र, हम्जा आणि आसिमचाच दुसरा शिष्य शोबा यांचा दुसरा. सुन्नी पाय धुतात, शिया मसह करतात. इथे नवशिका हमखास चुकतो. त्याला वाटतं, शियांचा कुराणाचा पाठच वेगळा असणार. तसं नाही. लखनौच्या शिया घरातही हफ्सचाच छापील मुसहफ (कुराणाची प्रत) असतो, त्यात ‘अर्जुलकुम’च असतं. शिया भाष्यकार म्हणतो की हा शब्द ‘डोकं’ या शब्दाच्या व्याकरणातल्या जागेला जोडलेला आहे, म्हणून जबर, म्हणजे ‘अ’चं स्वरचिन्ह, असूनही अर्थ मसहचाच. पुस्तक तेच, स्वर तोच, जोडणी वेगळी.

त्याच आयतीत ‘बिरुऊसिकुम’ मधला ‘ब’ पाहा. शाफई म्हणतो, हा ‘ब’ काही अंश दाखवतो, म्हणून दोन-चार केसांवर ओला हात लागला तरी पुरे. हनफी चतुर्थांश डोकं धरतो, मालिकी पूर्ण. आयतीच्या पुढच्या भागात ‘स्त्रियांना स्पर्श केला असेल तर’ असे शब्द आहेत. शाफई त्याचा अर्थ त्वचेला त्वचा लागणं असा घेतो आणि पत्नीचा हात लागला तरी वुजू मोडला असं मानतो. हनफी त्याचा अर्थ शरीरसंबंध असा घेतो. म्हणून काबेभोवतीच्या तवाफच्या (प्रदक्षिणेच्या) गर्दीत इंडोनेशियाच्या शाफई यात्रेकरूला अडचण येते आणि तेवढ्यापुरतं हनफी मत घेण्याची मुभा त्याला सांगितली जाते. या एका आयतीचा तक्ता भरला, की भाष्यकार कोणत्या फिकहचा हे नाव न वाचता सांगता येतं. आणि फिकह कळली की तो कोणत्या वाटेवरचा हेही बरंचसं कळतं. कोकण, भटकळ, मलबार, पूर्व आफ्रिकेचा किनारा, मलय जग हे सगळे शाफई, कारण तिथे इस्लाम मुख्यतः जहाजांतून आला. दख्खनचं पठार आणि उत्तर हिंदुस्थान हनफी, कारण तिकडे तो मध्य आशियाच्या वाटेने, सुलतानांच्या काझींबरोबर आला.

याचं ताटातलं रूप ५:९६ मध्ये दिसतं: ‘समुद्राची शिकार तुम्हाला हलाल केली आहे.’ शाफई भाष्यकार हे शब्द पसरट घेतो, त्यामुळे कोकणी मुसलमानाच्या कोळंबीवर कुणी प्रश्न उभा करत नाही. फक्त पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगणाऱ्या प्राण्यांबद्दल शाफईंमध्येही वाद आहे, आणि त्यात खेकडा अडकतो. हनफी मतात समुद्रातले फक्त मासे चालतात. मग कोळंबी मासा आहे की नाही, यावर हिंदुस्थानी हनफींनी पानंच्या पानं लिहिली. इस्ना अशरी (बारा इमाम मानणारे) शिया खवल्यांचा मासा आणि कोळंबी घेतात, बाकी सोडतात. ओळख म्हणतात ती पुष्कळदा अशीच, बाजारात काय घेतलं आणि काय ठेवलं यावरून ठरते. तफसीर तिच्या पाठीशी उभी असते, पण घरातल्या कुणी ती वाचलेली नसते.

इथवर फिकह झाली, प्रदेश अजून आलेला नाही. तो २:१७३ मध्ये येतो, आणि ही आयत मी सगळ्यांत आधी उघडायला सांगेन. मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस आणि ‘मा उहिल्ला बिही लिगैरिल्लाह’, म्हणजे ज्यावर अल्लाहखेरीज दुसऱ्याचं नाव पुकारलं गेलं ते, हराम. ‘इहलाल’ म्हणजे आवाज चढवून पुकारणं. कधी पुकारणं? जलालैन सांगते, दुसऱ्याच्या नावावर जबह केलेलं. अरब आपल्या देवांसाठी जबह करताना आवाज चढवत. म्हणजे क्षण सुरी फिरवण्याचा. दिल्लीचे अठराव्या शतकातले विद्वान शाह वलीउल्लाह यांच्या फारसी अनुवादातही ‘जबह करताना’ हे शब्द घातलेले आहेत.

आता हिंदुस्थानात एक वेगळीच गोष्ट रूढ होती. पीराच्या नावाने बकरा किंवा गाय नवस म्हणून सोडायची, महिनोन्महिने पाळायची आणि उरुसाला बिस्मिल्लाह म्हणूनच कापायची. ती हलाल की हराम? औरंगजेबाचे शिक्षक म्हणून ओळखले जाणारे अमेठीचे मुल्ला जीवन (मृत्यू १७१८) आपल्या ‘तफसीराते अहमदिया’त याच आयतीखाली लिहितात की औलियांच्या नवसाची गाय, जशी आपल्या काळात रीत आहे, हलाल आणि शुद्ध आहे. ‘जशी आपल्या काळात रीत आहे’ हे शब्द अधोरेखित करा. अरबी तफसिरीच्या मजकुरात गाव असं आत शिरतं. जलालैनच्या रकान्यात या वाक्याला जोड सापडत नाही, म्हणजे वजाबाकीनंतर उरलेला माल हाच.

शंभरेक वर्षांनी दिल्लीत शाह वलीउल्लाह यांचे थोरले चिरंजीव शाह अब्दुल अजीज (मृत्यू १८२४) ‘फतहुल अजीज’ ही फारसी तफसीर सांगतात. उपलब्ध भागात ती बकरा या दुसऱ्या सूरहच्या १८४व्या आयतीपर्यंत आणि कुराणाच्या तीस पाऱ्यांपैकी (भागांपैकी) शेवटच्या दोनांवर आहे, त्यामुळे ही आयत सुदैवाने तिच्यात येते. ते म्हणतात, पुकारणं म्हणजे नावाने जाहीर करणं. जनावर एकदा पीराच्या नावाचं म्हणून प्रसिद्ध झालं की मग सुरी फिरवताना अल्लाहचं नाव घेतलं तरी उपयोग नाही. वडिलांच्या अनुवादातलं ‘जबह करताना’ मुलाच्या भाष्यात गळून पडलं.

पुढे याच फटीतून दोन मसलक, म्हणजे सुन्नींमधल्या विचारधारा, बाहेर आले: देवबंदी आणि बरेलवी. देवबंदी अशरफ अली थानवी अनुवादात लिहितात, जे गैर अल्लाहच्या ‘नामजद’ केलं गेलं. बरेलवी अहमद रजा खान (‘कंजुल ईमान’, १९११) लिहितात, जे गैर खुदाचं नाव घेऊन ‘जबह’ केलं गेलं. दोन शब्दांचा फरक, आणि त्यावर पीर-औलियांच्या नावाने होणाऱ्या नियाज, उरुस, ग्यारहवी यांची सगळी इमारत उभी राहते किंवा कोसळते. गंमत अशी की बाहेरचा माणूस बरेलवी अनुवादाला ‘लोकधर्मी, स्थानिक’ समजतो आणि देवबंदी अनुवादाला ‘मूळ ग्रंथनिष्ठ’. या आयतीपुरता तक्ता उलटा बोलतो: जलालैनच्या रकान्याशी अहमद रजांचा शब्द जुळतो, आणि दिल्लीच्या परिस्थितीतून घडलेला अर्थ शाह अब्दुल अजीज यांचा आहे. म्हणून कोण बरोबर हे ठरवायचं काम तक्त्याचं नाही. कोण कुठे कशाला उत्तर देतो आहे, एवढंच तो दाखवतो.

मसलक झटपट ओळखायची दुसरी जागा ९३:७. पैगंबरांना उद्देशून ‘वजदक जाल्लन’, म्हणजे त्याने तुला ‘जाल्ल’ अवस्थेत पाहिलं आणि वाट दाखवली. शाह अब्दुल कादिर ‘भटकता’ लिहितात, थानवी ‘शरीयतपासून अनभिज्ञ’ अशा वळणाने जातात, अहमद रजा ‘आपल्या प्रेमात स्वतःला हरवलेला’ असा अर्थ करतात. पैगंबरांबद्दलचा अदब भाषांतरात कितपत यावा हाच बरेलवी-देवबंदी वादाचा गाभा आहे, त्यामुळे हे तीन शब्द म्हणजे तीन दरवाजेच. जोडीला १८:११० (‘मी तुमच्यासारखाच माणूस’) आणि ४८:२ पाहावं. १८:११० मध्ये अहमद रजा ‘जाहिर सूरते बशरी में’ ही पुस्ती जोडतात, ४८:२ मध्ये पापांची क्षमा पैगंबरांची न राहता त्यांच्यामुळे मागच्या-पुढच्यांची होते.

उर्दू अनुवादांच्या बाबतीत आवृत्तीची तपासणी चुकवू नका. शाह अब्दुल कादिर यांचा ‘मूजिहुल कुरान’ (१७९०) दिल्लीच्या बोलीत आहे आणि नंतरच्या छापील प्रतींत भाषा हातासरशी ‘सुधारलेली’ सापडते. शैखुल हिंद महमूद हसन यांनी माल्टाच्या नजरकैदेत (१९१७–२०) पूर्ण केलेला अनुवाद हा शाह अब्दुल कादिर यांच्याच अनुवादाची नवी मांडणी आहे. त्याखालच्या टिपा मात्र बहुतांशी शब्बीर अहमद उस्मानींच्या आहेत. वरचा मजकूर आणि खालची टीप एकाच माणसाची समजून उद्धृत केलं की लेख तिथेच बाद. सौदीतल्या फहद मुद्रणालयाने उर्दूभाषक हाजींसाठी आधी हाच अनुवाद छापला आणि नंतर त्याच्या जागी अहले हदीस या आणखी एका मसलकाच्या जुनागढींचा आणला. ‘कंजुल ईमान’वर तर तिकडे १९८०च्या दशकात बंदीच आली. पोतडीत घालून घरी आणलेल्या मोफत प्रतीने किती मोहल्ल्यांत मसलक बदलला असेल, याचा हिशेब ग्रंथसूचीत सापडत नाही.

आयतींच्या क्रमांकाचा सापळाही ठाऊक हवा. आपण वापरतो ती कूफी मोजणी ६२३६ आयतींची. अहमदिया जमात बिस्मिल्लाहला पहिली आयत धरते, त्यामुळे पैगंबरांना ‘खातमुन्नबिय्यीन’ म्हणणारी सुप्रसिद्ध ३३:४० त्यांच्या प्रतीत ३३:४१ होते. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांचे आकडे १८३४च्या फ्लूगेल आवृत्तीचे असतात आणि ते दोन-चार आयतींनी इकडे-तिकडे होतात. जुनी उर्दू पुस्तकं तर आयत क्रमांकच देत नाहीत, पारा आणि रुकू (सूरहमधला परिच्छेद) सांगतात. उपखंडातल्या छपाईत समासात ‘ऐन’ अक्षर असतं आणि त्याला तीन आकडे: वर सूरहमधला कितवा रुकू, पोटात त्या रुकूच्या आयती, खाली पाऱ्यातला कितवा रुकू. वुजूच्या आयतीचा रुकू जिथे संपतो (५:११) तिथे वर २, मध्ये ६, खाली ६ दिसेल. ‘पारा ६, रुकू ६’ असा हवाला मिळाला तर तो हाच. अरब छपाईच्या मुसहफात ही खूण शोधत बसाल तर वेळ वाया जाईल. ही आपल्याकडची सोय आहे.

प्रदेश सगळ्यांत ठळकपणे दिसतो तो तफसिरीच्या मोठ्या ग्रंथात नाही, तर दोन ओळींच्या मधल्या जागेत. जावाच्या पसंत्रेनमध्ये, म्हणजे तिथल्या निवासी मदरशांत, किताब शिकवताना किआई, म्हणजे तिथला शिक्षक, एकेक अरबी शब्द वाचतो आणि त्याखाली तिरकस लोंबता जावी (जावा बेटाच्या भाषेतला) अर्थ सांगतो. विद्यार्थी तो पेगोन, म्हणजे जावी भाषेसाठी वापरल्या जाणाऱ्या अरबी लिपीत उतरवतो. प्रत्येक अर्थाआधी व्याकरणाचा ठरावीक शब्द येतो: मुब्तदा म्हणजे वाक्याचा उद्देश असेल तर ‘उतावी’, खबर म्हणजे विधेय असेल तर ‘इकू’, कर्ता माणूस असेल तर ‘सोपो’, वस्तू असेल तर ‘ओपो’, कर्म असेल तर ‘इंग’. अशी जावी रोज कुणी बोलत नाही. ती फक्त किताबाची जावी. रेंबांगच्या बिसरी मुस्तफांची ‘अल इब्रीज’ (१९६०) याच वळणावर बेतलेली आहे: आत ओळीखाली लोंबता अर्थ, समासात जावी खुलासा. नायजेरियाच्या बोर्नू भागात असंच काही फार आधी घडलं. तिथल्या कुराणांच्या हस्तलिखितांत ओळींमध्ये जुन्या कानेम्बू भाषेतल्या टिपा आहेत, आणि त्यातलं एक हस्तलिखित १६६९ सालचं आहे. आचेच्या अब्दुर्रऊफ सिंगकिलींची ‘तर्जुमानुल मुस्तफीद’ ही मलय भाषेतली पहिली पूर्ण तफसीरही साधारण याच सुमाराची, सुमारे १६७५ची. बरीच वर्षं ती बैजावीचा अनुवाद समजली जायची. बारकाईने ताडल्यावर पाया जलालैनचा निघाला. तक्ता न आखता मुखपृष्ठावर विश्वास ठेवला की असं होतं.

या तिन्ही ठिकाणी विचार कदाचित नवा नाही. पण शब्दाला कोणता देशी शब्द चिकटवला यातून समाज स्वतःला घडवतो. बंगालीतला पहिला पूर्ण अनुवाद (१८८१–८६) ब्राह्मो समाजाच्या गिरीशचंद्र सेनांचा. त्यात अल्लाहसाठी ‘ईश्वर’ येतो. तेव्हाच्या अनेक मुसलमान वाचकांनी त्याचं स्वागत केलं, पण नंतरच्या मुसलमान अनुवादकांनी ‘अल्लाह’ परत आणला. मलबारात अरबी-मलयाळम लिपीत मायिनकुट्टी एलया यांनी एकोणिसाव्या शतकात तफसीर लिहिली, तेव्हा देशी भाषेत कुराण आणावं का यावरच उलेमांचा आक्षेप होता. म्हणून अनुवाद पाहताना पाच शब्दांची यादी वेगळी काढा: अल्लाह, सलात, तकवा, काफिर, दीन. प्रार्थना म्हटलंय की नमाज, दीनला धर्म म्हटलंय की जीवनपद्धती, यावरून अनुवादकाच्या डोळ्यांसमोरचा वाचक कोण ते कळतं. ‘जीवनव्यवस्था’ दिसली तर मागे जमाते इस्लामीच्या मौदूदींची ‘तफहीमुल कुरान’ (१९४२–७२) असण्याची शक्यता दाट.

आता ओळखीचा प्रश्न. अर्थाचं आणि समाजाचं नातं थेट दिसतं असे दोन प्रसंग घ्या. पहिला १९३८चा. देवबंदचे हुसैन अहमद मदनी म्हणाले की आजच्या जमान्यात कौमी (राष्ट्रं) वतनावरून बनतात, म्हणून हिंदी मुसलमान आणि हिंदू एक कौम होऊ शकतात. इकबालांनी फारसी ओळींत झोंबरी टीका केली: मिंबरावरून सांगतोस की मिल्लत (धर्मसमुदाय) वतनावरून बनते! मदनींचं उत्तर पूर्ण कुराणी शब्दार्थाचं होतं. मी मिल्लत म्हणालोच नाही, कौम म्हणालो. कुराणात नूह, हूद, सालेह हे पैगंबर आपल्या न मानणाऱ्या लोकांना ‘या कौमी’, अरे माझ्या कौमच्या लोकांनो, अशीच हाक मारतात (७:५९, ६५, ७३); म्हणजे कौम एक असायला दीन एक असावा लागत नाही. मिल्लत मात्र इब्राहीमची मिल्लत (२:१३०), ती दीनची. मौलाना आझादांच्या ‘तर्जुमानुल कुरान’मध्ये (पहिला खंड १९३१, काम तेविसाव्या सूरहपाशी थांबलं) सर्व धर्मांच्या मुळाशी एकच दीन असल्याची मांडणी फातिहा या पहिल्या सूरहच्या भाष्यातच येते. राजकीय निष्कर्ष मदनी आणि आझाद दोघांचा एकच, आयती वेगळ्या. म्हणून ‘राष्ट्रवादी मुसलमानांची तफसीर’ असा एक गठ्ठा बांधू नका.

दुसरा प्रसंग शाह बानो. २३ एप्रिल १९८५च्या निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी २:२४१चे इंग्रजी अनुवाद शेजारी शेजारी ठेवले. घटस्फोटितांसाठी ‘मताअ’. पोटगी की निरोपाची भेट? पर्सनल लॉ बोर्डाच्या बाजूने मांडलं गेलं की मताअ म्हणजे तरतूद, पोटगी नव्हे, आणि आयत ‘मुत्तकीं’ना, म्हणजे अधिक धर्मशील माणसांना, उद्देशून आहे. न्यायालयाने हा भेद मानला नाही. शब्दार्थाचा वाद खरं तर जुनाच. शाफई मतात काही घटस्फोटितांना मताअ देणं बंधनकारकच आहे. पण रस्त्यावर उतरलेल्या लोकांचा प्रश्न मताअचा नव्हताच. अर्थ लावायचा हक्क कुणाचा, न्यायालयाचा की उलेमांचा, हा होता. १९८६चा कायदा त्यातून आला, आणि २००१ मध्ये दानियल लतीफी निकालाने त्याच कायद्यातून इद्दतनंतरच्या (घटस्फोटानंतरच्या ठरावीक प्रतीक्षाकाळापुढच्या) काळाचीही तरतूद काढली. या प्रकरणावर लिहिणाऱ्याने युसूफ अलींच्या इंग्रजी अनुवादातले कंस आधी बघावेत. मूळ अरबीत नसलेले शब्द कंसात असतात, आणि वाद बहुधा कंसातच बसलेला असतो.

हक्काचा हाच मुद्दा दाऊदी बोहरांकडे वेगळ्या रीतीने सुटतो. तिथे जाहिर अर्थाच्या खाली बातिन, म्हणजे आतला अर्थ धरतात, आणि ताविल, म्हणजे तो अर्थ सांगणं, दाईच्या, म्हणजे त्यांच्या धर्मप्रमुखाच्या, अखत्यारीत असतं. मीसाक, म्हणजे निष्ठेची शपथ, घेतलेल्याला ते शिक्षण पायरीपायरीने मिळतं. त्यामुळे बाजारात ‘बोहरा तफसीर’ शोधणाऱ्याला फारसं काही मिळत नाही. याचा अर्थ परंपरा नाही असा नाही. दहाव्या शतकातल्या काझी नुमानपासून ती आहे, फक्त ती दुकानात ठेवायची वस्तू नाही.

काम किती? एका आयतीचा पाच रकान्यांचा तक्ता नीट भरायला सुरुवातीला एक पूर्ण दिवस जातो. चौथ्या-पाचव्या आयतीनंतर अर्धा. आठ आयती म्हणजे सुटीच्या दिवसांत बसलात तर दोन महिने. घाई करून रकान्यात ‘सनातनी’, ‘पुरोगामी’ असले शेरे लिहू नका. शब्दच उतरवा, मूळ अरबी शब्दासकट, आणि शेजारी आवृत्तीचं साल. मराठी अनुवाद हाती आला तर प्रस्तावना नंतर वाचा. आधी २:१७३ उघडा, मग ९३:७. तो कोणत्या उर्दू अनुवादाच्या वाटेने आला आहे, हे बहुतेक वेळा या दोन पानांवरच उघड होतं.